ओह्रिदला आई-बाबांना घेऊन जायचंय, किती दिवस ठेवावेत?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. मी म्युनिकला राहते. सप्टेंबरमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत. बाबा ७१, आई ६६. मागच्या खेपेला पॅरिस आणि स्वित्झर्लंड झालं, पण बाबा तिथल्या रांगांना फार कंटाळले. या वेळी फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलं, "एखादं तळ्याकाठचं जुनं गाव असेल तर बघ, तिथे निवांत बसू." ऑफिसातल्या एका मैत्रिणीने उत्तर मॅसिडोनियातल्या ओह्रिदचं नाव सुचवलं. निळ्या पाण्यावरच्या कड्यावर उभं असलेलं छोटं लाल कौलांचं चर्च, तो फोटो पाहिल्यापासून मनातून जात नाहीये.

दोन-तीन शंका आहेत. किती दिवस पुरेत? बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, सपाटीवर ते तासभर आरामात चालतात, चढावर त्रास होतो. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि दोघांचा व्हिसा शेंगेनचा असेल, तो चालतो का? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा:
मी राजधानी स्कोपयेहून एका दिवसात जाऊन आलो होतो. सकाळच्या बसने साधारण साडेतीन तास, म्हणजे १७० किलोमीटरच्या आसपास. दुपारी किल्ला, ते कड्यावरचं चर्च, काठावर जेवण आणि संध्याकाळच्या बसने परत. गाव सुंदर आहे, पण लहान आहे. माझ्या मते एक मुक्काम भरपूर झाला.

व्हिसाचं: बहुप्रवेशाचा वैध शेंगेन व्हिसा असला तर उत्तर मॅसिडोनियात १५ दिवसांपर्यंत राहता येतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर मात्र सावध, कारण हा देश शेंगेनमध्ये नाही आणि एकदा बाहेर पडलात की परत म्युनिकला यायची पंचाईत होईल. आई-बाबांच्या अर्जातच बहुप्रवेश मागा. नियम बदलतात, निघण्याआधी दूतावासाच्या पानावर खात्री करा.

कृष्णाकाठ:
पाऊलवाट, मी वाईची. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. मुलगी ऑस्ट्रियात असते, त्यामुळे तुमच्या आई-बाबांसारखंच आमचंही येणं-जाणं होतं. ओह्रिदला मी दोनदा गेले. पहिल्यांदा २०१८ मध्ये एका सहलीबरोबर, पाच तासांसाठी. दुसऱ्यांदा २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघंच, नऊ दिवस. म्हणून घाटमाथा यांच्याशी मी सहमत नाही, आणि का ते जरा लांबण लावून सांगते.

पहिल्या वेळी मी फक्त गाव पाहिलं. सहलीचा माणूस घड्याळ दाखवत होता, आम्ही फोटो काढत होतो. तळं मागे राहिलं, नुसतं पडद्यासारखं. दुसऱ्या वेळी कळलं की ओह्रिदमध्ये बघायची मुख्य गोष्ट तळं आहे आणि गाव त्याच्या काठाने वाढलेलं आहे. ३५८ चौरस किलोमीटरचं पाणी, जवळजवळ २९० मीटर खोल, दहा लाख वर्षांहून जुनं. बहुतेक तळी काही हजार वर्षांत गाळाने भरून जातात. हे भरलं नाही, कारण जमीन खचून झालेल्या दरीत ते आहे आणि खालचा भाग अजून खचतोच आहे. इतका काळ एकाच पाण्यात राहिल्यामुळे इथे दोनशेहून जास्त जीव असे आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. गोगलगायी, स्पंज, मासे. युनेस्कोने १९७९ मध्ये आधी तळ्याला वारसा मानलं आणि दुसऱ्या वर्षी गावाला. तो क्रम मला योग्य वाटतो.

आता बाबांच्या गुडघ्याचं. माझ्या यजमानांचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत, त्यामुळे हे अनुभवाचं सांगते. जुन्या गावात खालून वर चढू नका. काठावरून टॅक्सी करा आणि "गोर्ना पोर्ता" म्हणा, म्हणजे वरचा दरवाजा. तिथे उतरलात की सगळा दिवस उताराचा. दरवाजाच्या आतच पेरिव्लेप्ता चर्च आणि समोर जुन्या धर्मचित्रांचं संग्रहालय. तिथून थोडं खाली ग्रीक काळातलं नाट्यगृह, ज्याच्या दगडी आसनांवर त्या-त्या जागेच्या मालकांची नावं कोरलेली आहेत. सामुइल राजाचा किल्ला तेवढा वर चढून जावा लागतो. बाबांनी सावलीत बसावं, तुम्ही जाऊन या. मग पाइनच्या झाडीतून खाली प्लाओश्निकचं चर्च आणि आणखी खाली तुमचं ते फोटोतलं कानेओ. कानेओच्या खाली छोटा किनारा आहे. तिथे मोटारहोडीवाले असतात, ते पाच-दहा मिनिटांत बंदरावर आणून सोडतात. परतीचा चढ वाचतो, आणि चर्च पाण्यातून बघायला मिळतं, जे पायी आलेल्याला मिळत नाही. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. गल्ल्यांचे दगड शतकानुशतकं पावलांनी गुळगुळीत झालेत.

चालताना घरांकडे बघायला सांगा. खालचा मजला अरुंद, वरचा त्याहून रुंद, त्यावरचा आणखी पुढे आलेला. गल्लीत जागा नव्हती म्हणून लोकांनी हवेत जागा केली. रस्त्यावरचे दिवेसुद्धा त्याच घरांच्या आकाराचे आहेत.

पेरिव्लेप्ताला मात्र घाई करू नका. हे चर्च १२९५ चं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी मिहाइल आणि युतिखियोस हे दोन चित्रकार या भिंतींवर काम करत होते. मी आत उभी राहिले तेव्हा हाच हिशेब डोक्यात आला आणि ते चर्च एकदम जवळचं झालं. ख्रिस्ताच्या देहाभोवती जमलेली माणसं त्यांनी अशी काढलीत की दुःख चेहऱ्यावर, खांद्यांत, हातांत सगळीकडे दिसतं. त्या काळी चित्रकार नाव लिहीत नसत. या दोघांनी योद्ध्या संतांच्या तलवारीवर आणि कपड्यांच्या नक्षीत आपली नावं लिहून ठेवलीत. तिकीट देणाऱ्या बाईंना विचारलंत तर त्या जागा दाखवतात. आम्हाला दाखवली.

प्लाओश्निकला दिसणारी इमारत नवी आहे, २००२ मध्ये जुन्या पायावर उभारलेली. काहींना ती म्हणून आवडत नाही. पण जागा मोठी आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस क्लेमेंत नावाचा साधू इथे आला आणि त्याने लोकांच्या बोलीत, म्हणजे स्लाव भाषेत, शिकवायला सुरुवात केली. तोवर धर्माची आणि शिक्षणाची भाषा ग्रीक. त्याच्या हाताखाली साडेतीन हजार शिष्य तयार झाले, असं त्याचा चरित्रकार सांगतो. सुरुवातीला ते ग्लागोलिती नावाची लिपी वापरत. आज दुकानांच्या पाट्यांवर जी किरिल अक्षरं दिसतात, तीही याच गुरु-शिष्य परंपरेतून पुढे आली. आपल्याकडे देशीकार लेणं म्हटलं की जे मनात येतं, ते मला त्या पटांगणात आलं. क्लेमेंत ९१६ मध्ये वारला. त्याची समाधी तिथेच आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: स्वेती नाउम, म्हणजे संत नाउमचा मठ. यासाठी एक अख्खा दिवस ठेवा, अर्धा नाही. ओह्रिदपासून दक्षिणेला २९ किलोमीटर, अल्बेनियाच्या सीमेला लागून. बस आहे, टॅक्सी आहे, पण होडीने जा. साधारण दीड तास लागतो, गुडघ्याला काही त्रास नाही, आणि तळ्याची लांबी-रुंदी अंगाला कळते. नाउम हा क्लेमेंतचा सोबती. त्याने इथे दहाव्या शतकाच्या आरंभी मठ बांधला. आवारात मोर फिरतात, खरे, पिसारा फुलवणारे. बाबांना मोरांचं कौतुक वाटणार नाही, तिथल्या लोकांना मात्र फार आहे. नाउमची समाधी एका छोट्या काळोख्या दालनात आहे. दगडाला कान लावला की संताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, अशी श्रद्धा. मला ठोके ऐकू आले. दगडाला कान लावला की आपलीच नाडी ऐकू येते, हे मला ठाऊक आहे. तरी मी दोनदा कान लावला. शेजारच्या भिंतीवर गाडीला जुंपलेलं अस्वल आहे: अस्वलाने नाउमचा बैल मारला, तेव्हा त्याने बैलाच्या जागी अस्वलच जुंपलं.

मठाच्या मागे झरे आहेत. छोटा वल्हवायचा पडाव मिळतो. मोटारीला बंदी. पाणी इतकं स्वच्छ की तीन-चार मीटर खालची वाळू उकळल्यासारखी हलताना दिसते. तिथून पाणी वर येतं. कुठून येतं? डोंगरापलीकडून. गालिचित्सा नावाचा चुनखडीचा डोंगर मध्ये आहे आणि त्याच्या पलीकडे प्रेस्पा नावाचं दुसरं तळं, ओह्रिदपेक्षा दीडशे मीटर उंचावर. प्रेस्पाला जमिनीवरून बाहेर जाणारी नदीच नाही. त्याचं पाणी चुनखडीच्या भेगांतून, डोंगराच्या पोटातून झिरपत इथे निघतं. पूर्वी ही लोककथा होती. पाण्यातल्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, तपासणीतून ती खरी ठरली. ओह्रिद तळ्यात येणारं जवळजवळ निम्मं पाणी अशा झऱ्यांतून येतं.

चुनखडीच्या प्रदेशाचं पाणी, भूमिगत प्रवाह, झरे हा धडा मी किती वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवला. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही पाहिलंय का?" मी नाही म्हणायचे. त्या पडावात मी हात पाण्यात घातला. मे महिना होता आणि बोटं बधिर झाली. मी यजमानांना म्हटलं, हे पाणी डोंगराखालून चालत आलंय. त्यांनीही हात घातला.

म्हणून माझं उत्तर: पाच मुक्काम. गावाला दोन दिवस, नाउमला एक, आणि दोन दिवस काहीच न ठरवता. तुमच्या बाबांनी मागितलंय ते या शेवटच्या दोन दिवसांत मिळेल.

पाऊलवाट:
अहो, काय सुंदर लिहिलंय! तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना? बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते निवृत्त पाटबंधारे खात्यातले. डोंगराखालून येणाऱ्या पाण्याचं ऐकून त्यांनी ताबडतोब विचारलं, "प्रेस्पाची पातळी कमी झाली तर झरे आटतील का?" आईचा प्रश्न मात्र तोच: जेवायचं काय?

रानपाखरू:
मी कामानिमित्त दोन वर्षं स्कोपयेत होते, शाकाहारी. उपाशी कधी राहिले नाही. थोडक्यात: तावचे ग्रावचे म्हणजे मातीच्या भांड्यात भट्टीत शिजवलेला मोठा पांढरा घेवडा, वर लाल मिरची. आयवार म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरचीची चटणी. सप्टेंबरमध्ये घरोघरी मिरच्या भाजायचं काम चालू असतं, गल्लीभर खमंग वास. शोप्स्का सॅलड, टोमॅटो-काकडीवर किसलेलं पांढरं चीज. सकाळी बुरेक, पण चीजच्या सारणात अंडं असू शकतं, विचारून घ्या. पैसे देनारमध्ये, एका युरोला साधारण साडेएकसष्ट. उरलेले देनार निघण्याआधी बदला, बाहेर कुणी घेत नाही.

कृष्णाकाठ:
काकू चालेल, आनंदाने.

रानपाखरूंनी सांगितलंय त्यात एका शब्दाची भर घालते, आईंनी तो पाठच करावा: पोस्नो. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास वर्षातून पुष्कळ दिवस असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडं चालत नाही. अशा जेवणाला पोस्नो म्हणतात, आपलं उपवासाचं म्हणावं तसं. "शाकाहारी" म्हटलं तर वाढणारा कधी गोंधळतो, सॉसेज बाजूला काढून तीच डिश आणतो. "पोस्नो" म्हटलं की आतल्या आजीबाईंपर्यंत निरोप बरोबर पोचतो. फक्त मासा काही उपवासांना चालतो, म्हणून पुढे "बेझ रिबा" जोडा, म्हणजे मासे नकोत. तिथल्या भाषेत मेसो म्हणजे मांस, मेद म्हणजे मध, द्वा-त्रि म्हणजे दोन-तीन, देन म्हणजे दिवस. आईंना संस्कृत येत असेल तर तासाभरात अर्धं मेनूकार्ड वाचतील, अक्षरं तेवढी शिकून जा.

ओह्रिदचा खास पदार्थ ग्योमलेझे. मैदा आणि पाण्याचं पातळ पीठ थरावर थर ओतायचं, प्रत्येक थर वरच्या झाकणावरच्या निखाऱ्यांनी भाजायचा. दोन-तीन तास लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आम्ही राहिलो त्या घरच्या बाईंनी अंगणात केलं आणि दह्याबरोबर दिलं. मी पीठ ओतायला बसले होते. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती, पण निखारे कधी बदलायचे ते दोघींना कळत होतं.

आता बाबांचा प्रश्न. विचारणारा माणूस पाटबंधाऱ्यातला शोभतो. प्रेस्पाची पातळी गेल्या काही दशकांत खरंच खूप उतरली आहे. जुन्या काठापासून पाणी लांब गेलेलं दिसतं. कमी पाऊस, शेतीचा उपसा, दोन्ही कारणं. आणि डोंगराखालचं नातं असं आहे की वरच्या तळ्याला जे होईल ते खालच्यापर्यंत पोचणार. झरे उद्या आटतील असं नाही, पण काळजी खरी आहे. ओह्रिदच्या काठावरच्या बेसुमार बांधकामावरूनही युनेस्कोने गेली काही वर्षं वारसा "धोक्यात" असल्याच्या यादीत टाकण्याचा विषय वारंवार काढला आहे. काठाने चालताना हे डोळ्यांनी दिसतं आणि वाईट वाटतं.

याच कारणाने एक विनंती, तुमच्यापैकी कुणी मासे खात असेल तर. ओह्रिदचा ट्राउट मासा फक्त याच तळ्यात होतो. मासेमारी इतकी झाली की २००४ मध्ये बंदी घालावी लागली होती. हॉटेलात "ओह्रिद ट्राउट" लिहिलेलं असलं तरी तळ्यातला मागू नका. पाळीव मासा मिळतो, तो घ्या.

घाटमाथा:
कृष्णाकाठ, मी फक्त गाव पाहून आलो हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. नाउमला गेलोच नव्हतो. गालिचित्सावरून दोन्ही तळी एकदम दिसतात असं ऐकलंय, खरं का?

कृष्णाकाठ:
खरं आहे. डोंगरावरून ओह्रिदकडून प्रेस्पाकडे घाटरस्ता जातो, हिवाळ्यात बंद असतो. माथ्याजवळ थोडं चालल्यावर एका बाजूला हे तळं, दुसऱ्या बाजूला ते. आम्ही गाडी करून गेलो. यजमान तिथे बराच वेळ काहीच बोलले नाहीत. शाळेतली ती आकृती, जिच्यात मी वर एक तळं, खाली एक तळं आणि मध्ये तुटक रेषा काढायचे, ती तिथे उभी होती. फक्त तुटक रेषा दिसत नव्हती.

वेळ असेल तर स्ट्रुगालाही अर्धा दिवस द्या, १५ किलोमीटरवर आहे. तळ्याचं पाणी तिथून काळी द्रिम नदी होऊन बाहेर पडतं. गावाच्या मधोमध पूल आहे, त्यावर उभं राहून पाणी तळं सोडताना बघता येतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तिथे कवितेचा मोठा उत्सव भरतो, साठ वर्षांहून जुना. १९८३ मध्ये तिथला सुवर्णमुकुट हा पुरस्कार हिंदी कवी अज्ञेय यांना मिळाला होता. या नदीतून ईल मासे पूर्वी थेट समुद्रात जात आणि त्यांची पिल्लं परत येत. धरणं झाल्यावर ती वाट बंद झाली, आता ईल बाहेरून आणून सोडतात. बाबांना हे सांगा, त्यांना दोन्ही बाजू कळतील.

पाऊलवाट:
काकू, बाबांनी वहीत तुमची आकृती काढली आहे, प्रेस्पा वर, ओह्रिद खाली. पाच मुक्काम नक्की केले, ९ ते १४ सप्टेंबर. व्हिसा बहुप्रवेशाचाच मागितलाय. आईचा शेवटचा प्रश्न: मठात आणि त्या समाधीपाशी चपला काढायच्या का? आणि साडी चालेल का?

कृष्णाकाठ:
चपला काढायच्या नाहीत, तिथे तशी पद्धत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे साडी उत्तम. मी नऊवारी नाही, पण इरकल नेसून गेले होते आणि मेणबत्त्या विकणाऱ्या आजींनी पदर हातात घेऊन काठ नीट बघितला. मेणबत्ती लावायची असेल तर जिवंतांसाठी वर आणि गेलेल्यांसाठी खाली, वाळूच्या तबकात, अशा दोन जागा असतात. आईंना आधी सांगून ठेवा. समाधीचं दालन लहान आहे, दरवाजा ठेंगणा, बाबांना वाकून जावं लागेल. सकाळी होड्या यायच्या आत पोचलात तर तिथे तुमच्याशिवाय कुणी नसेल. त्यासाठी जाताना टॅक्सी करा आणि येताना होडी.